तिच्या नावानं उघडणारं मशीन

तुम्ही जिथं काम करता तिथला कॉम्प्युटर सकाळी कोणाच्या नावानं उघडतो? तुमच्या? मग तुम्ही रजेवर असता त्या दिवशी कोणाच्या?

हा प्रश्न मला एका ताईमुळं पडला. ती आमच्याच वस्तीतली, माझ्याहून थोडी मोठी. पांढरकवड्याच्या पुढं, सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापूस खरेदीचं केंद्र चालायचं, तिथं आम्ही दोघंही कंत्राटावर होतो. ती खरेदीच्या कॉम्प्युटरवर, मी वजनकाट्याच्या. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेली, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच संशय असायचा: आपल्या कापसाची प्रत नेमकं ठरवतं कोण?

ठरवायचा ग्रेडर. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबून ओल बघायचा आणि प्रत ओरडून सांगायचा. ताई खिडकीतून ऐकायची आणि मशीनमध्ये चढवायची. म्हणजे हात त्याचा, तोंड त्याचं. पण पावती निघायची तिच्या खिडकीतून. त्यामुळं शिव्याही तिच्याच खिडकीत यायच्या.

"बाई, तुह्या कम्प्यूटरले आमचाच कापूस काळा दिसते का वं?"

"भाऊ, कम्प्यूटरले डोये नसतात. डोयेवाला तिकडं उभा हाय, त्याले इचारा," ती म्हणायची, आणि रांगेतले दोघेचौघे हसायचे. तेवढ्यावर गाडी पुढं सरकायची.

खरी अडचण लाइटची होती. लोडशेडिंग दिवसातून दोनदा, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. लाइट गेली की मशीन बंद. आली की सगळं मुळापासून: तारीख घाला, कारण मशीनच्या आतला सेल संपला होता आणि ते दर वेळी कुठल्या तरी जुन्याच वर्षात जागं व्हायचं, मराठी अक्षरं चालू करा, प्रिंटर जोडा, नाव टाका, पासवर्ड टाका. तोवर बाहेर बैल आणि माणसं दोन्ही बिथरायची. म्हणून केंद्रप्रमुखांनी नागपूरहून एक इंजिनिअर बोलावला आणि त्यानं एक स्क्रिप्ट लिहून दिली. साधी छोटी फाईल. ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळ म्हणजे मशीनला एक हुकूम. आता लाइट आली की मशीन स्वतःच सुरू व्हायचं, माझ्या काट्याच्या मशीनला तारीख-वेळ विचारून स्वतःला लावून घ्यायचं, प्रिंटर जोडायचं आणि शेवटच्या ओळीत ताईच्या नावानं, ताईच्या पासवर्डनं खरेदीचा प्रोग्रॅम उघडून तयार बसायचं.

"पण माहंच नाव काहून?" ताईनं तेव्हाच विचारलं होतं.

"कोणाचं तरी लागतंच ना मॅडम," इंजिनिअर म्हणाला आणि बॅग भरून बसस्टँडकडं गेला.

मला ती फाईल बघून आमच्या घरातली पत्रकं आठवली. बाबा छापखान्यात ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर कामाला होते आणि आमच्या पलंगाखाली कपड्यांच्या ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती 'जाहीर निषेध' आणि 'जागे व्हा' यांवर. बाबांचा एक नियम होता: पत्रक खालून वाचायचं. आधी बघायचं, खाली नाव आहे का. नाव नसलेलं पत्रक ते हातातसुद्धा घेत नसत. "ज्यानं लिहिलं त्याचं नाव खाली पाह्यजे," ते म्हणायचे, "आन् ज्याचं नाव हाय, त्यानंच ते लिहिलेलं पाह्यजे. दोन्हीपैकी एक जरी नसलं तरी ते खोटं."

त्या वर्षी दसरा आला. दसऱ्याला आमची वस्ती रिकामी होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, भाकरीची गाठोडी, आणि सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर. ताई, तिची आई, मी, बाबा, आम्ही सगळे एकाच गाडीत होतो. परत येताना ताईनं पुस्तकांच्या दुकानांतून इतकी पुस्तकं घेतली की तिच्या आईनं वाटभर तिला बोल लावले.

त्याच दिवशी केंद्रावर नव्या हंगामाच्या खरेदीचा मुहूर्त होता. दसऱ्याला जशी हत्यारांची पूजा होते तशी तिथं काटा, ट्रॅक्टर आणि कॉम्प्युटर यांची झाली. मॉनिटरला झेंडूचा हार, की-बोर्डवर कुंकू. मुहूर्ताची पहिली गाडी मानाची असते. ती परत फिरवत नाहीत आणि तिला खालची प्रतही देत नाहीत. मान कोणाला मिळतो, हे सांगायला नको. ज्याच्या येण्यानं केंद्रप्रमुख खुर्चीवरून उठतात, त्याला.

आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर आलो तेव्हा ताईनं की-बोर्डवरचं कुंकू फडक्यानं पुसलं. एवढंच.

काही दिवसांनी गंजी तापली. आवारातला कापसाचा ढीग आतून गरम लागायला लागला. कामगारांनी वरचा थर काढला तर खाली पिवळा पडलेला, आंबूस वास येणारा कापूस. सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात आधी आलेला. कोणीतरी ओला कापूस सुका म्हणून घेतला होता आणि त्यानं वरचा चांगलाही नासवला होता. रांगेतली माणसं भडकली. ज्यांच्या वाळलेल्या कापसाला खालची प्रत मिळाली होती, ते फाटकावर येऊन बसले. वरून चौकशी लागली.

मशीनमध्ये बघितलं तर मुहूर्ताची गाडी: कापूस सुका, प्रत पहिली. आणि नोंद करणाऱ्याच्या जागी ताईचं नाव.

ग्रेडर सरळ म्हणाला, "मी ओला म्हणून सांगतलं होतं. तिनं सुका चढवला."

"मी त्या दिवशी इथं नव्हतीच! आम्ही नागपूरले गेलतो," ताई म्हणाली.

"कोणी पाहिलं?"

"सारी वस्ती होती संगं."

केंद्रप्रमुख खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "वस्तीतले काय, एकमेकांसाठी काहीही सांगतील."

मी उभाच होतो. मीही वस्तीतलाच, म्हणजे माझी साक्षही आधीच निकालात निघालेली. सुट्टीचा दिवस, त्यामुळं हजेरी नाही. आणि मुहूर्ताला हजर असलेल्या, पेढे खाल्लेल्या एकाही माणसाला ती तिथं नव्हती हे आठवेना. वाक्यं ठरल्यासारखी एकसारखी येत होती: गर्दी होती, लक्ष नव्हतं.

ताईची नोकरी जाणार होती, हे तर उघडच होतं. पण त्याहून वाईट, फाटकावर बसलेल्या लोकांना त्यांचा माणूस मिळाला होता. संध्याकाळी ती सायकल घेऊन निघाली तेव्हा कालपर्यंत तिच्याशी हसणारा एक जण मोठ्यानं म्हणाला, "हीच ती कम्प्यूटरवाली बाई. गंजी हिनंच नासवली." कोणी हसलं नाही. ती सायकलवर बसली नाही. फाटकापासून वळणापर्यंत हातात धरून चालत गेली. मान वर होती.

मी तिला वाटेत गाठलं. "ताई, पत्रक काढू. आजच लिहितो. बाबा छापून देतील. साऱ्या तालुक्यात वाटू."

"आन् त्यात का लिहिशील? मी नागपूरले होती म्हणून? ते तर सांगूनच राह्यलो आपण."

"मग स्क्रिप्टची ओळ छापू. तुझं नाव आपोआप येतं, हे लोकांना कळू दे."

"तुह्या पत्रकातली ओळ तूच लिहिली म्हणतील ते." ती थांबली. "आपलं कोणी ऐकून नाही राह्यलं भाऊ. मशीनलेच बोलू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या फळीपलीकडून केंद्रप्रमुखांचा फोन मला ऐकू आला. आवाज दबका होता, पण फळी पातळ होती. "आजच ये. हो, दुपारच्या बसनं. ते आपोआप उघडणारं काढून टाक, गरज नाही आता त्याची." मी धावत खिडकीकडं गेलो आणि ताईला सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला. एक ओळ. इंजिनिअर आला, ती एक ओळ खोडली, की तिच्या बाजूनं बोलणारं जगात काहीच उरणार नव्हतं.

त्याच दिवशी चौकशीचे साहेब अमरावतीहून आले तेव्हा नेमकी लाइट गेलेली. ताईच्या खिडकीमागच्या खोलीतच त्यांचं टेबल मांडलं होतं, आत उकडत होतं. साहेबांनी त्या नोंदीचा छापील कागद पुढं ओढला, ग्रेडरचं ऐकलं, ताईचं ऐकलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"नाव तुमचं आहे. पासवर्ड तुमचा आहे. तुम्ही तो कोणाला दिला होता?"

"कोणालेच नाही साहेब. तो मशीनमंदीच लिहून ठेवला हाय. लाइट आली का ते माह्या नावानं आपोआप उघडते."

"आपोआप?" साहेब हसले. "मशीन आपोआप काही करत नाही, बाई."

"लाइट येईपर्यंत थांबा. तेवढंच मागून राह्यली."

साहेबांनी घड्याळ बघितलं. केंद्रप्रमुख लगेच म्हणाले, "साहेब, जेवणाची व्यवस्था केली आहे. इथं कशाला उकाड्यात?" साहेब अर्धे उठले. मला वाटलं, संपलं. मी काहीतरी मोठ्यानं बोलणार होतो. पलंगाखालच्या गठ्ठ्यांतली सगळी वाक्यं घशाशी आली होती. ताईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. मशीनसमोरची आपली खुर्ची उचलली, साहेबांच्या टेबलाजवळ आणली आणि त्यांच्या समोर बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

"आता मशीनजवळ कोणी नाही," ती म्हणाली. "हात माहे इथं हायत. पाहत राहा."

साहेब परत बसले. का बसले, ते मला आजही माहीत नाही. कदाचित तिच्या हातांकडं बघून.

तेवढ्यात दारात इंजिनिअर उभा, बसच्या धुळीनं माखलेला. केंद्रप्रमुखांचा चेहरा उजळला. "ये, ये. आधी मशीन बघून घे."

"लाइट नाही भाऊ," ताई मागं न बघता म्हणाली. "अंधारात का पाहतोस?"

तो तरीही मशीनकडं गेला. बॅग टेकवली, मागच्या वायरींना हात लावला. ती वायर निघाली असती तर लाइट येऊनही काही झालं नसतं. मी एक पाऊल पुढं टाकलं, आणि साहेब म्हणाले, "थांबा. कोणीही हात लावायचा नाही."

बाहेर गाड्यांचे बैल मान हलवत होते, घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. इंजिनिअर रुमालानं मान पुसत भिंतीला टेकला. लाइट येण्याची वेळ झाली आणि गेली.

मग पंख्यानं कूस बदलली. मशीनमधून भुणभुण सुरू झाली, पडदा काळ्याचा निळा झाला. ओळी सरकल्या. तारीख लागली, बरोबर. प्रिंटरनं खरखर करून कागद ओढला. आणि कोपऱ्यात, कोणीही न लिहिता, ताईचं नाव उमटलं. खाली प्रतीची रिकामी चौकट, भरायला तयार.

साहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग समोर बघितलं.

"साहेब," ताई म्हणाली, "मी इथं हाय. मंग तिथं कोण बसलं?"

ग्रेडर घाईनं म्हणाला, "आज उघडलं असंन. दसऱ्याले मशीन बंदच होतं, तिनंच येऊन उघडलं."

"बंद?" साहेबांनी विचारलं. "पूजेला मशीन बंद होतं?"

"बंद मशीनची पूजा कोण करते साहेब? पूजेले चालू केलंच होतं, पण..." आणि तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

साहेबांनी अहवालात लिहिलं की ती नोंद ताईची म्हणून धरता येत नाही. नोंद कोणाची, ते लिहिलं नाही. मुहूर्ताच्या गाडीच्या मालकाला कोणी काही विचारलं नाही. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो. पण फाटकावर साहेबांनी स्वतः उभं राहून सांगितलं की ती मुलगी त्या दिवशी इथं नव्हती, आणि आदल्या दिवशी ओरडणारा माणूस चपलेनं माती उकरत उभा राहिला.

साहेब गेल्यावर इंजिनिअर मशीनसमोर बसला. ताईचं नाव खोडलं आणि त्या जागी नुसतं 'ऑपरेटर' असं लिहिलं. "आता कोणाचंच नाव नाही मॅडम. तुम्हाला टेन्शन नाही."

"मले टेन्शन पाह्यजे," ताई म्हणाली. "माह्या कामाखाली माहं नाव पाह्यजे. माह्याच कामाखाली. तारीख लावू दे त्याले, प्रिंटर जोडू दे. पण नाव मी टाकीन."

त्यानं केंद्रप्रमुखांकडं बघितलं. ते कागद चाळत होते. त्यानं ती ओळच काढून टाकली.

त्या हंगामात दर वेळी लाइट आली की मशीन सगळं लावून घ्यायचं आणि नावाच्या रिकाम्या चौकटीशी थांबायचं. रांग ओरडायची, "बाई, लवकर!" ताई म्हणायची, "नाव लिहून राह्यली भाऊ, थांबा." तेवढा वेळ लागायचाच. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "मंग आता ते पत्रक खरं झालं."

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. उद्या कामावर गेलात की मशीन सुरू करा, हात मागं घ्या आणि बघा. त्यात दुसऱ्याचं नाव उमटलं तर त्या नावाखाली एक अक्षरही लिहू नका. ते माणूस आज कुठं आहे ते आधी विचारा. तुमचं नाव उमटलं, किंवा 'ऑपरेटर'सारखं कोणाचंच नसलेलं, तर ज्यानं ती स्क्रिप्ट लिहिली त्याला बोलवा. बाकी सगळं राहू द्या. ती एक ओळ तुमच्या डोळ्यांसमोर काढायला लावा.