मोठे मामा गळले

डुकराच्या जठराची माफी मागून मगच त्याला हात लावणारा इंजिनिअर साऱ्या आयर्लंडमध्ये एकच असेल, आणि त्याच्याच हाताला मी खोटं पाडलं. शॅननच्या कारखान्यात तो माझ्या हाताखाली होता. मूळचा नागपूरचा, कट्टर शाकाहारी. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही नवा स्टेपलर तपासत होतो: जठर कापायचं, त्याच दमात पिनांनी शिवायचं, मग निळं पाणी भरून गळतं का ते पाहायचं. खाटकाकडून आलेल्या प्रत्येक जठराला तो लग्नाच्या पंगतीत आडवा हात मारणाऱ्या एकेका नातेवाइकाचं नाव द्यायचा. "आज धाकट्या आत्या आहेत, सर. जपून." शिवणीवर टिश्यू पेपर असा टेकवायचा, जणू तापलेल्या पोराचं कपाळ टिपतोय. बाकीचे जठराचा पातळ भाग निवडत. हा मुद्दाम सर्वांत जाड. "अरे, कशाला?" म्हटलं, तर म्हणाला, "पोट कमी करायला येणारा माणूस काय पातळ पोट घेऊन येईल, सर?"

२०२० च्या उन्हाळ्यात, शेवटच्या फेरीत, तो मास्कमधून ओरडला, "मोठे मामा गळून राहिले ना, सर!" टिश्यूवर मोहरीएवढा निळा ठिपका होता. मी तो पाहिला. पण माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि स्टेपलर पास करूनच मला जायचं होतं. अहवालात मी लिहिलं: चाचणी करणाऱ्याचा हात हलला, निकाल धरू नये. त्याला बोलावून तसं सांगितलंही. आपल्या तळव्यांकडे बघत तो म्हणाला, "असेल, सर."

पुढे दुसऱ्यांच्या चाचणीत तशीच गळती निघाली. रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच जाड भागासाठी पिनांची उंची वाढवली गेली. माझ्या ऑनलाइन निरोप समारंभात दोष वेळीच सापडल्याबद्दल माझंच कौतुक झालं, आणि मी हात जोडून ते घेतलं. तोवर तो कॉर्क शहरात निघून गेला होता, नुसत्या कागदपत्रांच्या नोकरीवर.

गेल्या आठवड्यात मी कंपनीला खरं काय ते लिहून कळवलं आणि त्याला फोन केला. ठिपका मी पाहिला होता, हे सांगितलं.

"तो अहवाल राहू द्या, सर. माझा हात हलला होता का, तेवढं सांगा. तेव्हापासून मी पोरीची नखंसुद्धा कापत नाही."

"नाही हलला."

तो हळूच म्हणाला, "जेवण झालं का, सर?"