फासा, राक्षस आणि खालाची वैदीण

बारावीची परीक्षा संपली आणि मी नि माझी मैत्रीण सेनगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागलो. शिकायचं होतं टायपिंग. पण तिथल्या एका कॉम्प्युटरवर कुणीतरी गेम टाकून ठेवला होता. तलवारबाज, जादूगार, चोर, वैदू, यांतलं एक माणूस आपण व्हायचं आणि गुहेत शिरायचं. डावीकडे जायचं की उजवीकडे, लढायचं की पळायचं, हे आपण ठरवायचं. टायपिंग झालं की सर शेवटची पंधरा मिनिटं आम्हाला खेळू द्यायचे. इंग्रजी वाचायला डिक्शनरी लागायची. तिसऱ्या दारापाशी एक दगडाचा राक्षस उभा असे, आणि तिथं पोचेपर्यंत हमखास लाइट जायची. भारनियमनाची वर्षं ती. गेम सेव्ह करता येतो हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

लाइट गेली की आम्ही तिच्या घरी जायचो. तिची अम्मी, जिला मीही मावशी मानून खाला म्हणायची, ब्लाउज शिवायची. मशीन पायाची, त्यामुळे तिचं काम कधी अडायचं नाही. एकदा शिवता शिवताच तिनं विचारलं, "रोज काय करून राहिल्या गं तुमी तिथं?"

आम्ही गोष्ट सांगितली आणि राक्षसापाशी येऊन थांबलो.

"मंग?"

"मंग लाइट गेली," मैत्रीण म्हणाली.

"लाइट गेली तर गोष्ट काहून थांबावी? तू सांग पुढं," खाला मला म्हणाली.

असा तो गेम खालाच्या ओसरीवर आला. मी गोष्ट सांगायची, त्या दोघींनी खेळायचं. लुडोचा फासा टाकायचा, चारच्या वर पडलं तर काम फत्ते. मैत्रीण तलवारवाली झाली. खाला म्हणाली, "मी वैदीण. हातात सुई हाय, जखमा शिवीन."

तिसऱ्या दाराशी मैत्रिणीनं फासा उचलला. आता वार करायचा होता.

"थांब," खाला म्हणाली. "आधी त्याला विचार, कवापासून उभा हाय म्हणून."

राक्षसाला मी ताकद दिली होती, हातात गदा दिली होती. तो तिथं कसा आला याचा विचारच केला नव्हता. "उद्या सांगते," म्हणून मी उठले.

घरी येऊन रसायनशास्त्राच्या वहीची मागची कोरी पानं काढली आणि लिहायला बसले. एका राजानं त्याला दारावर उभं केलं होतं. बदलीचा माणूस येईपर्यंत हलू नकोस, एवढं सांगून राजा गेला. राजा मेला, राज्य बुडालं, बदलीला कुणी आलंच नाही. उभ्या उभ्या त्याचा दगड झाला. निबंध सोडले तर मनानं लिहिलेलं ते माझं पहिलं पान.

दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवलं. मशीनचं चाक थांबलं.

"मंग त्याला बसायला सांग की," खाला हळूच म्हणाली.

मी फासा पुढं केला.

"बसायला फासा कशाला लागतो गं?"

राक्षस बसला, आणि मग त्यांच्याबरोबर निघाला. त्या उन्हाळ्यात दोन वह्या भरल्या. सहलीत पाहिलेलं सिद्धेश्वरचं धरणही गोष्टीत आलं, फक्त माझ्या धरणाच्या तळाशी एक गाव होतं आणि तिथं दिवे लागायचे.

पुढच्या वर्षी मैत्रिणीचं लग्न वसमतला ठरलं. मेंदीच्या दिवशी तिनं मला जवळ ओढलं. "माझ्या तलवारवालीचं लगीन लावू नको हां. तिला हिंडू दे." ती हसत होती, पण डोळे भरले होते. मी तिला शब्द दिला.

मी कॉलेजला हिंगोलीत राहिले. शनिवारी एसटीनं यायची, नवं लिहिलेलं खालाला वाचून दाखवायची. एका मासिकाला राक्षसाची गोष्ट पाठवली, तर 'लढाई फार कमी' अशा शेऱ्यासह परत आली. मी ती पुन्हा लिहिली आणि पानापानावर लढाई घातली. खालानं सगळी ऐकून घेतली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण माझी वैदीण कुठं गेली?"

लढाईत तिला काम उरलं नव्हतं, म्हणून मी तिला काढून टाकलं होतं. मला मान वर करवेना. खालानं उठून चहा ठेवला.

मी वैदिणीला परत आणलं आणि गोष्ट पहिल्यासारखी केली. दोन वर्षांनी एका दिवाळी अंकानं ती छापली. मैत्रीण तेव्हा तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी आली होती. खालाला फक्त उर्दू वाचता यायचं, म्हणून मैत्रीणच मोठ्यानं वाचायला बसली. चित्रकारानं वैदीण काढली होती ती विशीतली, नाजूक, केसांत फुलं माळलेली. खालानं अंक डोळ्यांजवळ नेला.

"ही मी हाय?"

"हाय की," मैत्रीण म्हणाली.

"इतकी बारीक?" खाला हसायला लागली. इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. मग अंक लेकीच्या हातात देत म्हणाली, "वाच पुढं. पण हळू वाच, लेकरू निजलंय."