कढीपत्त्याचा ख्रिसमस

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अंदाजानं ठरवते. ही वही कुणी वाचायची नाहीच आहे, पण चुकून कुणाच्या हाती लागली तर माफ करावं. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जे बोलायचं राहून जातं ते इथं लिहिते.

मुलाकडे एडमंटनला आले तेव्हा माझी नात दुसरीत होती. आमच्याच रस्त्यावर नागपूरच्या वहिनी राहायच्या. माझ्यापेक्षा मोठ्या, आणि बोलायला इतक्या मोकळ्या की माझ्या वाटणीचंही त्याच बोलून घ्यायच्या. म्हणूनच आमचं जमलं.

त्यांच्याकडे कढीपत्त्याचं झाड होतं. बी रुजवून वाढवलेलं, माझ्या खांद्याला लागेल एवढं. इथं तेव्हा दुकानात कढीपत्ता कधीतरीच यायचा, तोही काळा पडलेला, आणि भाव ऐकून फोडणी न देताच वरण खावं असं वाटायचं. वहिनी ते झाड उन्हाळ्यात अंगणात आणि थंडीत घरात, असं लेकरासारखं आत-बाहेर करायच्या.

त्या वर्षी पुतण्याच्या लग्नासाठी त्या नागपूरला निघाल्या. जाण्याआधी झाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीचा हीटर चालू ठेवून, आमच्याकडे घेऊन आल्या.

"याला खिडकीजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "पाणी बेताचं. तुझ्या फोडणीपुरती पानं घे, पण दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नको. समजलं न?"

मी मान हलवली. मान हलवायला मला काहीच अवघड जात नाही.

डिसेंबर लागला आणि नातीच्या शाळेत बाईंनी सांगितलं की यंदाचा ख्रिसमस कचरा न करता करा. झालं! नात घरात फौजदारासारखी फिरू लागली. कचऱ्याचा डबा उघडून बघायची, दिवे बंद करायची, आंघोळीला जास्त वेळ लागला तर दार वाजवायची.

मुलगा म्हणाला, "शनिवारी ट्री आणू या. मस्त मोठा."

"पापा, नो! झाड कापायचं? इट्स अलाइव्ह!"

"मग प्लास्टिकचा आणू."

"प्लास्टिक इज वर्स!"

"मग काय, मीच कोपऱ्यात हात पसरून उभा राहू?"

नातीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "यू वोन्ट स्टँड स्टिल."

सून हसत सुटली. मीही हसले. तेवढ्यात नातीची नजर खिडकीकडे गेली आणि माझं हसू थांबलं.

"आज्जी! वी ऑलरेडी हॅव वन!"

मनात म्हटलं, नुसतं सजवायचंच तर आहे. वहिनींनी कुणाचा हात लागू देऊ नको म्हटलंय, माळ घालू नको असं कुठं म्हटलंय?

आणि खरं सांगायचं तर मजा आली. मक्याच्या लाह्या फोडल्या आणि गजरा ओवावा तशा सुई-दोऱ्यात ओवल्या. निम्म्या लाह्या नातीच्या पोटात गेल्या. संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये वाळवल्या. दुकानांच्या जाहिरातींचे कागद दारात येऊन पडतात, त्यांच्या साखळ्या केल्या. मुलगा कमी वीज खाणाऱ्या नव्या दिव्यांची एक माळ घेऊन आला. वर टोकाला चांदणी हवी म्हणून मी जुन्या साडीच्या जरीची चांदणी शिवली. झाडाचा शेंडा तिच्या वजनानं जरा वाकला, नमस्कार केल्यासारखा.

जेवायला येणाऱ्या पोरांच्या भेटी गुंडाळायला कागद नको होता. मी कपाटातला ब्लाउजपिसांचा गठ्ठा काढला. हळदीकुंकवात मिळालेले, कुणी कधी न शिवलेले. एकीनं दुसरीला द्यायचे, दुसरीनं तिसरीला, असे ते बिचारे वर्षानुवर्षं गावभर फिरत असतात. त्यांत भेटी बांधल्या, वर गाठ मारली. किती देखण्या दिसत होत्या!

ख्रिसमसच्या दिवशी मुलाचे सगळे मराठी मित्र बायकापोरांसह जेवायला आले. नातीच्या हुकुमानं प्रत्येकानं आपापलं ताट-वाटी घरून आणलं होतं. दारात बुटांचा ढीग आणि ताटांचा खणखणाट, एखाद्या पंगतीसारखा. भेटी उघडताना एका मित्राची बायको, मी त्या सगळ्यांना सूनबाईच म्हणते, ओरडली, "अय्या काकू, हा जांभळा तर मीच दिलेला तुम्हाला!" दुसरी म्हणाली, "आणि तुला मी दिलेला!" सगळ्या हसल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण मग मीही हसले.

तेवढ्यात पहिलीचं लक्ष झाडाकडे गेलं.

"हा खरा कढीपत्ता आहे? काकू, एक डहाळी घेऊ का हो?"

आता माझं असं आहे की मला नाही म्हणता येत नाही, तेव्हा मी हसते. आणि माझं हसणं लोकांना हो वाटतं. तिनं डहाळी मोडली. मग दुसरीनं. मग तिसरीच्या नवऱ्यानं, "उद्या पोहे!" म्हणत. मी नातीकडे बघितलं, निदान ही तरी ओरडेल. पण ती पुढं होऊन सगळ्यांना सांगत होती, "टेक वन! टेक वन! नो पॅकेजिंग!"

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वाटलं, आता बाहेर जाते आणि सांगते, अहो, हे झाड माझं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. एक जण आत आला, त्यानं माझ्यासमोर ताजा कढीपत्ता तडतडत्या तेलात टाकला आणि म्हणाला, "काकू, कढीला काय वास सुटलाय बघा!"

पाहुणे गेले. खिडकीत काटक्या उभ्या होत्या. त्यांच्यावर लाह्या, संत्र्याच्या चकत्या आणि मजेत लुकलुकणारे दिवे. शेंडा चांदणीसकट मोडलेला.

"आई, हे वहिनींचं झाड ना? तू बोलली का नाहीस?" मुलगा म्हणाला.

मी मोडलेल्या शेंड्यावरची चांदणी सोडवायला घेतली.

नात झाडाजवळ जाऊन बसली. "आय टोल्ड देम वन," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "एव्हरीबडी टुक वन." मग तिनं आपला मफलर आणून कुंडीला गुंडाळला.

दुसऱ्या दिवसापासून मी उपचार सुरू केले. आमच्याकडे कढीपत्त्याला आंबट ताक घालतात. मीही घातलं, रोज, चांगलं वाटी वाटी. पण आमच्याकडे झाड परसात असतं, आणि इथं बाहेर हाडं गोठवणारी थंडी, खिडक्या बंद, कुंडीखालच्या हीटरच्या जाळीतून गरम हवा येतेय. चार दिवसांत मुलगा नाक धरून घरभर फिरू लागला.

"आई, भिंतीत उंदीर मेलाय बहुतेक. माणूस बोलवावा लागेल."

सुनेनं सोफा हलवून बघितला. मी ताकाची वाटी पदराआड धरली. शेवटी फौजदारानंच वास काढत काढत गुन्हेगार पकडला. "आज्जी! इट्स द ट्री!"

ताक बंद झालं. काटक्या काटक्याच राहिल्या. वहिनी परत आल्या त्या दिवशी मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, दुसऱ्यांदा चहा दिला. खिडकीसमोर मीच उभी होते.

"सरक न जरा," त्या म्हणाल्या.

मी सरकले.

वहिनींनी कुंडी गोल फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "काय बाप्पा, मुंज लावली काय याची?"

मी सगळं सांगितलं. दिवे, लाह्या, डहाळ्या, ताक. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"आणि तू काय करून राहिली होतीस?"

"हसत होते."

त्यांनी कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी रोप मागवलं, साठ डॉलरचं. मुलगा लगेच खिशात हात घालायला लागला. मी त्याला थांबवलं. मी हसले होते, मीच फेडीन. साड्यांना फॉल-बिडिंग करून मला थोडे पैसे सुटत होते. वहिनीही स्पष्ट म्हणाल्या, "नको म्हणणार नाही मी. जमेल तसे दे. आणि हे लाकूड ठेव तुलाच."

उन्हाळा आला. इथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही. आणि त्या लाकडाला बुडापाशी हिरवा टिपका दिसला. मग दोन. नातीनं घर डोक्यावर घेतलं. वहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे, जिवंत आहे की! मग माझं मला परत दे."

मी हसायला लागले होते. तोंड तसं झालंही होतं. पण कसं कोण जाणे, शब्द बाहेर पडले. "वहिनी, मी पैसे देतेय ना? आता ते माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं कुंडीच बोलली.

पुढच्या ख्रिसमसच्या आधी जांभळ्या ब्लाउजपिसवाल्या सूनबाईचा फोन आला. भेटी बांधायला तसल्या कापडी पिशव्या शिवून द्याल का? पोरांना आवडलं होतं, दर वर्षी वापरता येतील. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. मी "देईन हो, त्यात काय" म्हणतेय तोवर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "नगाला तीन डॉलर. फुकट नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझे पैसे केव्हा येतील अशानं?"

ज्यांनी डहाळ्या नेल्या त्या सगळ्यांनी पिशव्या घेतल्या. त्या ख्रिसमसला झाड माझ्या गुडघ्याएवढं होतं. नातीनं त्याच्यावर एकच लाही लटकवली आणि कुंडीवर पाटी लावली, डू नॉट टच.

पाहुण्यांच्या आधी वहिनी आल्या. मी शेवटची दहाची नोट त्यांच्या हातात दिली. एका हातात नोट धरून त्यांनी दुसरा हात सवयीनं डहाळीकडे नेला.

"वहिनी," मी म्हटलं. "डहाळी नाही. एक पान घ्या."

"एकच?"

"एकच."

त्यांनी एक पान खुडलं, चुरगळून नाकाशी धरलं, मग तोंडात टाकलं. चावत चावत नोटेची घडी केली, पर्समध्ये सरकवली आणि चेन ओढली.

"फिटले बाप्पा सगळे," त्या म्हणाल्या.