कॅप्टनची सुलटी फेरी

नांदेडच्या आमच्या बागेत कॅप्टनच्या आधी त्यांची शिट्टी पोचायची. फौजेशी संबंध काही नाही. उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. पण पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि सकाळी फिरायला येणारा प्रत्येक माणूस त्यांचा शिपाई. वयानं मोठे म्हणून अहो-जाहो करतोय. मनात अरे-तुरेच आहे.

एक मान्य करतो. गुटखा थुंकणाऱ्यांना त्यांनी बागेतून हाकललं, बायका बिनधास्त फिरू लागल्या. लोक मानायचे ते त्यामुळंच. मग डोक्यात हवा गेली. मधल्या पिंपळाला त्यांनी पार बांधून घेतला आणि हुकूम काढला: सगळ्यांनी प्रदक्षिणेसारखं, पिंपळ उजव्या हाताला ठेवूनच चालायचं. "व्यायाम बी व्हतो अन् पुण्य बी," म्हणायचे. फुकटात दोन्ही मिळतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणतो!

माझ्या आईच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी. वाटेच्या बाहेरच्या कडेला लोखंडी कठडा होता. तो उजव्या हातानं धरला की ती एकटी चालायची. माझा हातसुद्धा झिडकारायची. पण त्यासाठी तिला उलट्या बाजूनं फिरावं लागे.

एका सकाळी शिट्टी वाजली. "मावशी, उलटं कामून चालून राहिल्या? मयताला फिरतेत तसं!"

सगळी बाग थांबून बघू लागली. मी कठड्याचं सांगितलं. कॅप्टन म्हणाले, "एकीला सूट दिली की उद्या सगळेच मागतेल. पोरगा हाय की धराया."

आईनं कठडा सोडला. माझ्या खांद्याला धरून घरी आली. "तुझ्याच खांद्यावर चालायचं, तर बाग कशाला पायजे?" म्हणाली, आणि पुन्हा बागेचं नाव काढलं नाही. मी कॅप्टनला चारचौघांत वाट्टेल ते बोललो. "रागावू नका, शिस्त हाय," म्हणून ते हसले. त्या हसण्याची अजून चीड येते.

बऱ्याच महिन्यांनी ते मुलाकडं पुण्याला कायमचे गेले. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. मी गेलो नाही. दुसऱ्या सकाळी बागेत कोण कुठूनही फिरत होतं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी पळतच घरी आलो. "आई, ऊठ. गेला तो! आता पाहिजे त्या बाजूनं चाल."

ती खाटेवरून पाय सोडून बसली. चांगल्या पायावर जोर देऊन बघितला, आणि परत टेकली.

"आता उभं राहवत न्हाई रं," म्हणाली. "तू जाऊन ये."