सतरा नंबरचा फॉर्म

माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं आणि सासर विट्याजवळचं. अंतर म्हणाल तर एसटीनं पाऊण तास, पण शाळेच्या बाबतीत हे दोन वेगळे मुलूख. माहेरी ऊस, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. भरतीला गेलं की आधी मार्कशीट मागतात, म्हणून आमच्याकडं अगदी ढ पोरालाही घरचे हाणूनमारून बारावीपर्यंत नेतात. त्या लोंढ्यात मुलीही शिकून जातात. मी तशीच बारावी झाले. सासरी सगळा गलाईचा धंदा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं आणि त्यासाठी देशात कुठं कुठं जाऊन दुकान टाकायचं. भट्टीपुढं बसायला मार्कशीट कोण मागतं? दरसाल चैत्रात जत्रेला माणसं गावी येतात आणि परत जाताना गाडीत एक पोर जास्त असतं. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरतो तेव्हा मागची बाकं रिकामी असतात.

आमचे हेही असेच नववीतून उचललेले. तामिळनाडूत पंचवीस वर्षं काढली, स्वतःचं दुकान केलं, मग ते धाकट्या दिरांच्या हाती देऊन आम्ही गावी परतलो. गावातल्या निम्म्या लोकांना धंदा यांनीच लावून दिलेला, त्यामुळं शब्दाला वजन. तरी खोटं कशाला सांगू, कुणी यांचं शिक्षण विचारलं की मी चहा टाकायचं निमित्त करून आत जायचे.

शाळेत नववी-दहावीला एक बाई होत्या, कवठे महांकाळकडच्या. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. पाऊस संपला की कळपामागं सगळं घर निघायचं आणि पोरांची शाळा तिथंच सुटायची. या एकट्या हट्टानं मामाकडं राहिल्या आणि शिकल्या. त्या एकदा आमच्या सोप्यावर बसून म्हणाल्या, "आमच्याकडं पोरं शाळा सोडायची ती पोटासाठी. तुमच्याकडं दारात गाडी हाय, तरी सोडत्यात. दादा, तुमी एकदा वर्गात येऊन बोला. तुमचं ऐकतील."

यांना भाषणाची हौस दांडगी. जत्रेच्या आदल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून निघाले, मीही सोबत गेले. शिका, मोठे व्हा, शिक्षणाशिवाय गती नाही, सगळं झकास चाललं होतं. एवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ही दरवर्षी वर्गात पहिली यायची, आणि जत्रा झाली की भावाच्या दुकानावर स्वयंपाकाला तिला नेणार, हे गावभर ठरलेलं. अगदी शांतपणे तिनं विचारलं, "काका, तुमी नववीत शाळा सोडली. तुमचं काय अडलं?"

चोख उत्तर देण्यात या माणसाचा हात कुणी धरत नाही. पण त्या दिवशी भाषण तिथंच सोडून हे तिच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. पोरगी खवचटपणे विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, घरी जाऊन सांगता येईल असं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी हे म्हणाले, "अडलं का न्हाई ते मलाच कुठं ठावं हाय? त्यापुढं काय असतंय ते मी बघितलंच न्हाई. यंदा तुमच्याबरुबर मीबी दहावीला बसतो. आणि जवर मी पास होत न्हाई, तवर या वर्गातलं एक पोर, पोरगा असू दे न्हाईतर पोरगी, कुणाच्या दुकानावर जाणार न्हाई. कोण न्यायला आला तर त्यानं आधी माझ्या दारात यायचं."

गावानं ही गंमत समजून चवीनं चघळली. जत्रेत कुस्त्यांच्या फडावरही तोच विषय. पण यांचा शब्द मोडायला कुणी धजावलं नाही, आणि जूनमध्ये तो वर्ग भरला तेव्हा एकही बाक रिकामं नव्हतं. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म यांनी त्याच शाळेतून भरला. लिहिता लिहिता मला विचारलं, "बारावीबाई, जन्मतारीख अक्षरी कशी लिहायची?" एवढ्या वर्षांच्या माझ्या टोमण्यांची ती परतफेड होती.

शाळा सुटल्यावर रोज तासभर वर्गातच तीच पोरं यांना शिकवायची, बाईही थांबायच्या. गणितात यांची एक अडचण झाली. सोन्याचा कस काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळं शेकडेवारीचं उत्तर तोंडावर तयार. बाई म्हणायच्या, "उत्तर बरोबर हाय, पायऱ्या कुठं हायत्या?" हे म्हणायचे, "डोक्यात." बोर्डाला डोक्यातलं दिसत नाही, हे पटायला दिवाळी उजाडली. विज्ञानात मात्र वेगळंच झालं. सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजाचा धडा आला आणि बाईंनी पुस्तक मिटून खडू यांच्याच हातात दिला. दोन आम्लं कोणत्या मापानं घ्यायची, धूर कसा उठतो, तो किती वाईट, हे सगळं यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि मग पिवळी पडलेली, चरे पडलेली बोटं पोरांपुढं धरली. म्हणाले, "पुस्तकात हे छापलेलं न्हाई." त्या दिवशी वर्गात एकही पोर जागचं हललं नाही. मी खिडकीबाहेर डबा घेऊन उभी होते आणि माझा ऊर भरून आला होता.

इंग्रजीनं मात्र यांचा पार घाम काढला. तमिळमध्ये हा माणूस बाजारात तासभर भांडू शकतो, हिंदीत गिऱ्हाईक पटवतो. पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की जांभया सुरू. ती पुढच्या बाकावरची मुलगी रोज दहा शब्द पाठ करून घ्यायची आणि चुकलं की पाच वेळा लिहायला लावायची. हे गुपचूप लिहायचे.

निकाल दुपारी लागला. पोरं पळत आमच्या अंगणात आली, आणि यांना बघून पायरीशीच थांबली. वर्गातली सगळीच्या सगळी पास. नापास एकटे आमचे हे, इंग्रजीत, सहा गुणांनी. बाईंनी लगेच धीर दिला, "आवं दादा, एकच विषय ऱ्हायलाय. जुलैत पुन्हा परीक्षा हाय, तवा सहज सुटाल."

पोरांच्या मागोमाग त्या मुलीचे वडील आले होते. यांच्यासमोर टोपी सारखी करत म्हणाले, "दादा, झाली की आता तिची दहावी. पोराच्या दुकानावर खाण्याचे हाल चालल्यात. परवा नेतो म्हणतो."

मुलगी उंबऱ्याशी उभी होती. पहिली आली होती, पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता.

यांनी वडिलांना विचारलं, "कसं काय नेणार? वर्गात काय ठरलं होतं?"

"तुमी पास होईस्तवर न्यायचं न्हाई."

"मग मी झालोय का पास?"

हसावं की रागवावं, ते वडिलांना कळेना. "पर जुलैत व्हाल की," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं? मी बसणारच न्हाई जुलैला," हे म्हणाले. मग बाईंकडं वळून हळू आवाजात, "हिची बारावी होऊ द्या, बाई. मग बघू माझं."

ज्या माणसानं वर्षभर पायऱ्या घोटल्या, पास होऊन गावाची तोंडं बंद करायची ज्याला मनापासून हौस होती, तो हे म्हणत होता. मी पदर खोचला आणि घरात पेढे होते तेवढे बाहेर आणले. पहिला यांना दिला.

ती मुलगी आता विट्याला बारावीत आहे, तिच्याबरोबरची बाकीचीही शिकताहेत. इंग्रजीचं ते पुस्तक हे अजून रोज संध्याकाळी उघडतात. मला खात्री आहे की आता बसले तर पास होतील, पण दरवेळी फॉर्मची तारीख आली की हे शेतावर निघून जातात. एकदा मी न राहवून विचारलं, लोक नापास म्हणतात त्याचं काही वाटत नाही का? चपला घालता घालता म्हणाले, "लय वाटतं. अजून एक वरीस वाटू दे."