पालथे पान

काका उतारीचे पान कधी सरळ टाकत नसत. हातातल्या तेरांपैकी एक पान काढून ते टेबलावर पालथे ठेवत, त्यावर तर्जनी टेकवत आणि डोळे मिटून बसत. मग डोळे न उघडताच म्हणत, "कुणाला काही विचारायचंय? नाही? मग उलटतो."

विचारण्यासारखे काही नसे. शेठ मात्र दर वेळी म्हणत, "एकच विचारायचं, काका. चा थंड होऊन गेली, ती कोण पिणार?"

तुमच्यापैकी जे ब्रिज खेळत नाहीत त्यांना एवढे सांगितले म्हणजे पुरे. चौघे खेळतात, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आधी बोली होते : कोणता रंग हुकूम आणि तेरांपैकी किती दस्त, म्हणजे हात, करणार. ज्याची बोली टिकते तो डाव खेळतो आणि त्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात. पण ती उघडण्याआधी विरुद्ध बाजूच्या एकाला पहिले पान टाकावे लागते. त्याला उतारी म्हणतात. उतारी करणाऱ्याला फक्त स्वतःची पाने दिसत असतात. बोलीत आपला भिडू काय बोलला, एवढाच त्याला आधार. काका म्हणत, "उतारी बघून होत नाही, ऐकून होते."

पन्नास सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. घाटकोपरला शेठची लाकडाची वखार होती आणि वखारीमागे घर. त्या घराच्या ओट्यावर दर रविवारी दुपारी तीनला आमचा डाव बसे. शेठ आणि मी एका बाजूला, काका आणि मास्तर दुसऱ्या. काका एका सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले होते. मास्तर हायस्कुलात गणित शिकवत. दोघेही विधुर, दोघेही एकेका खोलीत एकटे राहणारे. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, पण काका मला संपादकसाहेब म्हणत. मी एकदा दुरुस्ती केली, तेव्हा म्हणाले, "उप वगैरे खानावळीत सांगा. इथं नको."

काका आणि मास्तर आमच्या आधी सात-आठ वर्षे भिडू होते. डाव संपला की दोघे बरोबर उठत, कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आणि तिथून आपापल्या गल्लीत वळत. मी काही वेळा त्यांच्या मागून चाललो आहे. वाटेत ते एक शब्द बोलत नसत. दोघांच्या खोल्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर होते. एकाने दुसऱ्याची खोली आतून पाहिलेली नव्हती.

"आठवड्यात मी किती बोलतो ते मोजा, संपादकसाहेब," काका एकदा म्हणाले. "दूधवाला, खानावळ आणि रविवार."

"रविवारी तरी कुठं बोलता? बोलीच करता," मी म्हणालो.

"तेच माझं बोलणं. आणि मास्तर ते ऐकतात."

त्यामुळे मास्तरांनी बोलीत ज्या रंगाचे नाव घेतले असेल त्याच रंगाचे पान काका उतारीला टाकत. हातात काहीही असो. "मास्तर बोललेत," एवढे म्हणून पान उलटत. हे ठाऊक असल्यामुळे शेठ आणि मी पुष्कळदा सावध राहत असू आणि जिंकत असू. काकांना त्याचे काही वाटत नसे.

एका रविवारी त्यांनी हा नियम मोडला.

इस्पिकाचे हुकूम ठरवून दहा दस्त करायची बोली मी केली होती. मधे मास्तर "बदाम" म्हणाले होते. उतारी काकांची होती. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. बोट पानावरून उचलले, पुन्हा ठेवले. मग पान उलटले. किलवरचा राजा.

शेठची पाने उघडी झाली. त्यांत किलवरचा एक्का होता. मी तो राजा मारला, माझी नको असलेली बदामाची पाने शेठच्या चौकटच्या मोठ्या पानांवर फेकून दिली आणि दहा दस्त पुरे केले. मास्तरांनी हातातली उरलेली पाने एकत्र केली, पत्त्यांच्या जोडावर ठेवली आणि उठले. "आज इतकंच," म्हणाले. त्या दिवशी काका कोपऱ्यापर्यंत एकटे गेले.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेठनी वखारीतला माणूस पाठवला. तो खोलीला कुलूप आहे असे सांगत आला.

"गावाला गेले असतील," शेठ म्हणाले. "येतील ने. काका, तुम्ही जाऊन शेजारी विचारा की."

"त्यांना यायचं असतं तर आले असते."

"अरे, पण विचारायला काय जातं?"

"डाव चालू असताना भिडूला विचारता येत नाही, शेठ."

"डाव कधीच संपला, काका!"

"तुमचा संपला."

तिघांत ब्रिज होत नाही. शेठ रविवारी वखारीचा हिशेब बघू लागले. मी झोपू लागलो. काका तीन वाजता ओट्यावर येत, चहा घेत आणि चारला परत जात.

एकदा ते आले नाहीत म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडे होते. पलंगावरची चादर ताणून बसवली होती आणि तिच्यावर चौघांचे हात उघडे मांडले होते. तेरा, तेरा, तेरा, तेरा. मी तो डाव ओळखला.

"बसा. पलंगावर नको," काका म्हणाले. "हे बघा. माझ्याकडे बदामाचं एकच पान, दुर्री. किलवरचे राजा, राणी, गुलाम. दहांतले नऊ लोक किलवरचा राजाच टाकतील. बरोबर?"

"बरोबर."

"दुर्री टाकली असती तर मास्तरांनी बदामाचे दोन दस्त घेतले असते. तिसऱ्यांदा बदाम फिरवले असते आणि मी हुकमानं कापले असते. हुकमाचा एक्काही माझ्याकडे. तुमचा डाव एका दस्तानं बुडाला असता." त्यांनी दुर्री उचलली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. "मास्तर बोलले होते हो. मी ऐकलं नाही."

"काका, एका पानासाठी कुणी तीन महिने रुसतं का?"

"मग कशासाठी नाही आले?"

लोकांना विचारणे हा माझा धंदा होता आणि तीन महिन्यांत मीही कुणाला विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या शाळेत गेलो. ही बातमी मिळवायला मला एक सकाळ पुरली. त्या रविवारनंतरच्या गुरुवारी मास्तरांना वर्गात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मुलगी त्यांना चेंबूरला आपल्या घरी घेऊन गेली होती.

मी तसाच काकांकडे गेलो आणि सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "गुरुवारी? म्हणजे चौथ्या दिवशी?"

"काका, रक्तदाबाचा त्रास त्यांना जुनाच होता."

"हे मला ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "काहीच ठाऊक नव्हतं."

रविवारी आम्ही दोघे बसने चेंबूरला गेलो. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता. वाटेत त्यांनी काय बोलायचे ते दोनदा म्हणून दाखवले. त्यात किलवरचे राजा, राणी, गुलाम होते, दहांतले नऊ लोक होते आणि शेवटी क्षमा होती.

मास्तर उशांना टेकून बसले होते. मुलगी म्हणाली, "बाबांना सगळं समजतं. फक्त बोलता येत नाही."

मास्तरांनी काकांकडे पाहिले. काका खुर्चीवर बसले आणि पाठ केलेले सगळे विसरले असावेत. त्यांनी कोटाच्या खिशातून एक पान काढले, मास्तरांच्या डाव्या हाताजवळ चादरीवर पालथे ठेवले आणि त्यावर तर्जनी टेकवली. डोळे मिटले.

"ऐकायला उशीर झाला," म्हणाले. आणि बोट उचलले.

मास्तरांनी डाव्या हाताने पान उलटायचा प्रयत्न केला. ते चादरीला चिकटून बसले होते. तीन-चारदा नखातून निसटले. मुलगी पुढे झाली, तिला काकांनी हाताने थांबवले. शेवटी पान उलटले. बदामाची दुर्री. मास्तर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती पुन्हा पालथी केली आणि ओढत ओढत आपल्या बाजूला, उशीपाशी नेऊन ठेवली. जिंकलेला दस्त ठेवतात तशी.

त्यानंतर काका दर रविवारी चेंबूरला जाऊ लागले. तीन ते चार. दोघे काय करत, असे मी मुलीला एकदा विचारले. ती म्हणाली, "काही नाही हो. काका दूधवाल्याचं सांगतात, खानावळीतल्या आमटीचं सांगतात. बाबा ऐकतात." आल्यावर पहिले काम मात्र पानाचे असे. मास्तर उशीखालून दुर्री काढून देत, काका ती चादरीवर पालथी ठेवत, विचारायचे ते विचारत आणि मास्तर ती उलटत. हे सात-आठ महिने चालले.

एका शनिवारी सकाळी काका खानावळीत आले नाहीत. दुपारी शेजाऱ्यांनी दार उघडले. ते झोपेतच गेले होते. स्मशानात आम्ही सहा जण होतो, त्यांतले चौघे शेठच्या वखारीतले.

रविवारी मी चेंबूरला गेलो. कसे सांगायचे याचा मी विचार केला नव्हता; कमीत कमी शब्दांत सांगण्याची मला सवय होती. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मुलीने दार उघडले आणि माझ्यामागे कोण आहे ते पाहिले.

मास्तर दाराकडे तोंड करून बसले होते. चादरीवर पान पालथे ठेवलेले होते आणि त्यावर त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी होती.

मी जे सांगायचे ते सांगितले. त्यांनी ते ऐकले. बोट उचलले नाही.