पुसलेली भेग

कारखान्यात तिला सगळे भेगाताई म्हणत. लोखंडात भेग कुठून निघेल, कशी वाढेल आणि तुकडा कधी पडेल, हे प्रत्यक्षात काहीही न मोडता कॉम्प्युटरवर काढायचं, हे तिचं काम. "तुम्हाला कधी काही चांगलं दिसतच नाही का हो?" असं कुणी चिडवलं, की ती म्हणे, "चांगलं बघायचा पगार मिळत नाही मला."

धाकट्या बहिणीला, ठमीला, या कामाला लावलं ते तिनंच. आई गेल्यावर ठमीच्या वेण्या घालण्यापासून सगळं तिनंच केलेलं, तेव्हा शिकवणंही ओघानं आलंच. पहिला धडा असा, की वस्तूचं मॉडेल करायचं, तिचे बारीक बारीक त्रिकोण पाडायचे आणि मग भेग आपल्या हातानं त्यात ठेवायची. या मॉडेलला आपणहून भेग सुचत नाही. ठेवलीच नाही, तर वस्तू जन्मात मोडायची नाही.

अशात मोठ्या क्रेनच्या हुकाला आतल्या वळणावर तपासणीत केसभर भेग सापडली. हूक बदलायचा तर काम बंद ठेवावं लागणार, म्हणून साहेबांचा जीव वरखाली होत होता. भेगाताईनं गणित मांडलं. हूक तुटणार होता, आणि त्याच्याखाली माणसं वावरत होती. तिनं मॉडेल ठमीकडे दिलं, फक्त चित्रं नीट लावायला.

बैठकीत पडद्यावर हूक आला तो निळाशार. भेगेच्या टोकाशी ताण दाखवणारा लाल ठिपका असायला हवा होता, तो कुठेच नव्हता. खाली नाव मात्र तिचं.

"हूक आणखी वर्षभर चालेल," साहेब खुशीत म्हणाले. "ताईंनी सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला."

त्या मॉडेलला तिच्याखेरीज एकाच माणसाचा हात लागला होता.

"हे गणित माझं नाही," ती उठून म्हणाली. "यातली भेग काढून टाकलीय. क्रेन आत्ता थांबवा."

साहेबांचा चेहरा पडला, पण इतक्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. क्रेन थांबली. ठमी टेबलाकडे बघत बसली होती.

बाहेर जिन्यापाशी तिनं ठमीला गाठलं. "का केलंस?"

"साहेब म्हणाले, पर्मनंट करतो."

"मग स्वतःचं नाव घालायचं होतंस."

"माझ्या नावावर कोण विश्वास ठेवणार होतं, ताई?"

ठमीनं हे अगदी सरळपणे सांगितलं. भेगाताईचा केसानं गळा कापला होता, आणि तोही जिचे केस तिनं रोज विंचरले तिनं.

जागेवर येऊन तिनं आधी पासवर्ड बदलला. कामाला लागल्यापासून तो एकच होता, 'ठमी'. पुढे कितीतरी दिवस सकाळी कॉम्प्युटर उघडताना तिची बोटं तेच नाव टाइप करत, आणि कॉम्प्युटर ते नाकारत राही.